थरथरणारा हात आणि मेंदूची लय
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साठ वर्षांत शाळेत पुष्कळ काही बदलते. अभ्यासक्रम बदलतो, फळ्याचा रंग बदलतो, गणवेश बदलतो. एक काम मात्र अखंड चालू असते, आणि ते म्हणजे हाताला वळण लावण्याचे. पाटीवर गिरवलेला पहिला ‘ग’, दुरेघी वहीतील ओळी, कंपासपेटीतून काढलेल्या कर्कटकाचे वर्तुळ, कार्यानुभवाच्या तासाला सुईत ओवलेला दोरा, प्रयोगशाळेत परीक्षानळीत सोडलेले थेंब, या साऱ्यांतून शाळा मुलांच्या बोटांना शिस्त लावीत असते. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेसाठी एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे. वळणदार अक्षराला मराठी घरांत केवढा मान आहे, हे त्यावरून दिसते. सुंदर अक्षर ही आपल्याकडे संस्काराची खूण मानली जाते.

या मानाला एक दुसरी बाजू आहे. अक्षर बिघडले, हात थरथरू लागला, की पाहणाऱ्याच्या मनात प्रथम दोषाचाच विचार येतो. मूल असेल तर ‘लक्ष नाही’, तरुण असेल तर ‘काही व्यसन असावे’, वृद्ध असेल तर ‘आता वय झाले’. घरोघर उच्चारल्या जाणाऱ्या या तीन निदानांपैकी एकही वैद्यकशास्त्राचे नाही. परंतु त्यांच्यामुळे कित्येक माणसे वर्षानुवर्षे आपला हात खिशात किंवा पदराआड लपवून वावरतात. जो आजार वेळेवर ओळखला असता तर आवरता आला असता, तोही त्या लपवण्यात वाढत जातो. म्हणून आजचा विषय आहे थरथरणारा हात, आणि त्याच्यामागे उभी असलेली मेंदूची लय.

विषय समजून घेण्यासाठी आज लखनौ शहराकडे पाहायचे आहे. मराठी माणसाला हे शहर परके नाही. ज्यांनी हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र मराठीत ग्रंथबद्ध केले, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय सुरू झाले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून ते ‘मॅरिस कॉलेज’ म्हणून ओळखले जाई. पुढे त्याला भातखंडे यांचेच नाव मिळाले आणि आज ते विद्यापीठ आहे. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. कथकचे एक थोर घराणेही याच शहराचे. लय म्हणजे काय, ती कशी धरावी, कशी बदलावी आणि कशी सोडावी, याचे शिक्षण जिथे पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले, त्याच शहरात लय बिघडलेल्या हातांचाही अभ्यास झाला. १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि १९६५ साली स्थापन झालेले औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र, ही त्या अभ्यासाची लखनौतील ठिकाणे.

आरंभी एक साधा प्रयोग करता येईल. आपला हात समोर ताठ करावा, तळवा जमिनीकडे ठेवावा आणि बोटांवर कोरा कागद ठेवावा. कागदाची कड हलताना दिसेल. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा किंचित थरथरत असतो. परीक्षेची भीती, जागरण, कडक चहा, ताप किंवा थायरॉईडची वाढलेली क्रिया यांनी ही थरथर वाढते आणि कारण दूर झाले की ओसरते. तेव्हा अगदी स्थिर हात असा कोणाचाच नसतो. आजार सुरू होतो तो या नैसर्गिक थरथरीची जागा एखाद्या दुसऱ्या, हट्टी लयीने घेतली म्हणजे.

ही लय येते कोठून? जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विद्युत्स्पंदने प्रथम नोंदली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे ८ ते १३ वेळा उठणारी लाट त्याला दिसली. डोळे उघडताच ती मावळे. तिला त्याने ‘अल्फा’ म्हटले. तिच्याहून जलद, सेकंदाला सुमारे १३ ते ३० स्पंदनांची जी लय आहे, ती ‘बीटा’. आजच्या विषयात या बीटा लयीला महत्त्व आहे.

मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. एकट्या पेशीचे स्पंदन कवटीबाहेर जाणवत नाही. पुष्कळ पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यावर स्पंदू लागल्या तरच बाहेर लाट उमटते. स्नेहसंमेलनातील टाळ्या आठवाव्यात. आधी त्या विखुरलेल्या असतात. प्रत्येकाचा उत्साह वेगळा, वेग वेगळा. मग कोणी तरी ठेका धरतो आणि क्षणार्धात सारे सभागृह एकाच तालात टाळ्या वाजवू लागते. आवाज मोठा होतो, पण कोण कशासाठी टाळी देत आहे, हे त्यातून कळेनासे होते. मेंदूचेही तसेच आहे. थोडा काळ, योग्य ठिकाणी जमलेला ठेका उपयोगी असतो. तोच सुटेनासा झाला की पेशींना एकमेकींना वेगळे काही सांगता येत नाही.

बीटा लयीचे काम समजण्यासाठी कवायतीचे मैदान डोळ्यांसमोर आणावे. ‘सावधान’ म्हटले की रांग निश्चल होते. पुढची आज्ञा मिळाली की ती निश्चलता सोडावी लागते, तेव्हाच पाऊल उचलते. हात हलवण्यापूर्वी क्षणभर मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातील बीटा लय मंदावते. हालचाल संपली की ती पुन्हा उभी राहते. ‘आहे तसेच धरून ठेव’ असा जणू तिचा आदेश असतो. निरोगी माणूस दिवसातून हजारो वेळा हा आदेश पाळतो आणि मोडतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

पार्किन्सनच्या आजारात हे ‘सावधान’ वेळेवर सुटत नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांचे वर्णन करून हा आजार जगापुढे मांडला. आपल्याकडे त्याला ‘कंपवात’ म्हणतात. मेंदूच्या खोल भागातील एका काळसर पट्ट्यातील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. त्या पेशी झिजत जातात आणि बाहेर लक्षण दिसेपर्यंत त्यांतील मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. डोपामिन कमी पडले की खोलवरच्या केंद्रांत बीटा लय प्रमाणाबाहेर बळावते. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या तारांतून ही लय प्रत्यक्ष नोंदली गेली आहे. औषध दिल्यावर ती उतरते आणि हालचाल मोकळी होते, असेही त्या नोंदींत दिसले. खुर्चीतून उठताना लागणारा वेळ, सदऱ्याचे बटण लावताना होणारी अडचण, दारात पाऊल जागच्या जागी खिळणे, हे सारे या न सुटणाऱ्या आदेशाशी जोडलेले आहे.

कंपाची लय मात्र निराळी. पार्किन्सनमधील कंप सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा होतो. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस, मागच्या बाजूचा लहान मेंदू आणि वरचे आवरण यांना जोडणाऱ्या वर्तुळात ती लय फिरत राहते. शस्त्रक्रियेच्या वेळी थॅलॅमसमधील काही पेशी नेमक्या हाताच्याच ठेक्यावर स्पंदताना आढळल्या आहेत. म्हणजे हात वरवर भरकटलेला दिसला तरी तो मेंदूतील एक ठेका इमानाने पाळीत असतो. संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर तिथे लय आहेच, पण ती विलंबितातून द्रुतात जात नाही, समेवर येऊन थांबत नाही आणि गवयाचे ऐकत नाही. माणसाने कितीही निर्धार केला तरी तो ठेका त्याच्या हुकमात नसतो. ‘हात घट्ट धर, मनाचा निश्चय कर’ हा उपदेश म्हणूनच निष्फळ ठरतो. पुष्कळदा तो अपायही करतो, कारण चारचौघांच्या नजरा वळल्या, घाई झाली किंवा मनातल्या मनात हिशेब करायची वेळ आली की कंप वाढतो. टोमणा मारणारा माणूस आपल्या टोमण्यानेच तो हात अधिक हलवीत असतो.

आता वेगवेगळ्या हातांकडे पाहू. पहिला हात घरातील वडीलधाऱ्यांचा. येथे दोन आजारांची गल्लत होते. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर निवांत असताना दिसतो. अंगठा आणि बोटे जणू गोळी वळत असतात. तो बहुधा एका बाजूने सुरू होतो, आणि हाताने काही करू लागले की कमी होतो. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. दुसरा प्रकार ‘इसेन्शियल ट्रेमर’ या नावाने ओळखला जातो. तो विश्रांतीच्या वेळी शांत असतो आणि कामाच्या वेळी जागा होतो. बशीवर कप खडखडतो, देवापुढे निरांजन ओवाळताना ज्योत हलते, सही करताना अक्षर मोठे व वाकडेतिकडे येते. तो बहुधा दोन्ही हातांत असतो आणि अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. त्याची वर्तुळे मुख्यतः लहान मेंदूकडची आहेत. या दोहोंची औषधे वेगळी आहेत. इसेन्शियल ट्रेमरला प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन, तर पार्किन्सनला डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधे. म्हणून ‘हात हलतो’ एवढे डॉक्टरांना सांगून भागत नाही. केव्हा हलतो, एक हलतो की दोन्ही, आणि अक्षर बारीक झाले की वेडेवाकडे, हे पाहून सांगावे. जुन्या डायरीतील, पत्रांतील किंवा मस्टरवरील सह्या क्रमाने पाहिल्या तर आजाराची चाहूल कधी लागली, हे पुष्कळदा कागदच सांगतो.

दुसरा हात शाळकरी मुलाचा, आणि शाळेच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. विल्सनचा आजार हा शरीरात तांबे साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. सॅम्युअल किनियर विल्सन या चेतारोगतज्ज्ञाने १९१२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. १३व्या गुणसूत्रावरील जनुकात बिघाड असल्याने जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर पडत नाही. ते यकृतात आणि मेंदूत, विशेषतः हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रांत साठते. लक्षणे बहुतेकदा शालेय किंवा महाविद्यालयीन वयात दिसू लागतात. काहींना आधी कावीळ होते. काहींचे अक्षर बिघडते, बोलणे अस्पष्ट होते, तोंडातून लाळ येते, हात थरथरतात, स्वभाव चिडका होतो, गुण घसरतात. शाळेच्या भाषेत या मुलाचे वर्णन काय होईल? ‘पूर्वी हुशार होता, हल्ली वाया गेला.’ प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, वही फाडून पुन्हा लिहायला लावले जाते, आणि त्या काळात तांबे साठतच राहते.

लखनौच्या संजय गांधी संस्थेतील चेतारोग विभागाने विल्सनच्या आजारावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. निदानाची पायरी अवघड नाही. डोळ्याच्या बुबुळाभोवती हिरवट-तपकिरी कडे दिसते का, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन कमी आहे का, २४ तासांच्या लघवीत तांबे किती जाते, या तपासण्यांनी दिशा कळते. १९५६ साली केंब्रिजच्या जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन हे औषध पुढे आणले, तोवर हा आजार बहुधा प्राणघातकच ठरे. आज पेनिसिलामिन, ट्रायेंटिन आणि जस्ताची औषधे उपलब्ध आहेत. ती आयुष्यभर घ्यावी लागतात. परंतु लवकर सुरू केली तर मूल शिकू शकते, कमवू शकते, संसार करू शकते. बाधित मुलाच्या सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लक्षण नसले तरी त्यांची तपासणी अत्यावश्यक ठरते. नात्यातील लग्नांत या आजाराची शक्यता वाढते, हेही मामेबहीण-आतेभावाच्या सोयरिकी परंपरेने होत आलेल्या समाजाने ध्यानात घ्यायला हवे. तांब्याच्या भांड्यातील पाण्याने हा आजार होत नाही. मात्र ज्याला तो आहे, त्याने ते पाणी टाळावे.

तिसरा हातही लहान मुलाचाच. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात, गोरखपूरच्या परिसरात, भातशेतीच्या साचल्या पाण्यावर वाढणाऱ्या डासांनी जपानी मेंदूज्वर अनेक वर्षे पसरवला. २००५ सालच्या साथीत हजाराहून अधिक जीव गेले, त्यांत मुलांची संख्या फार मोठी. या ज्वरातून वाचलेले काही रुग्ण लखनौला आले तेव्हा त्यांचा चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार झालेला असे, हालचाल मंदावलेली असे, अंग ताठरलेले व वाकडे झालेले असे, काहींचे हात थरथरत. डॉ. उषाकांत मिश्रा आणि डॉ. जयंती कालिता यांनी अशा रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास करून जपानी मेंदूज्वरातील हालचालींच्या विकारांवर १९९७ साली निबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या छायाचित्रांत थॅलॅमसवर विषाणूचा घाला वारंवार आढळत होता. पार्किन्सनमध्ये जे केंद्र अनेक वर्षांत बिघडते, त्याच्या आसपासची केंद्रे येथे काही दिवसांत बिघडत होती. कंप हे वार्धक्याचे लक्षण आहे, ही समजूत या मुलांपुढे टिकत नाही. २००६ सालापासून बाधित जिल्ह्यांत मुलांना लस देण्याची मोहीम सुरू झाली. विदर्भातील काही जिल्ह्यांतही ही लस दिली जाते. लसीकरणाच्या कार्डावरील ती एक नोंद म्हणजे एका हाताच्या वळणाचे रक्षण आहे.

चौथा हात कष्टकऱ्याचा. मँगनीजच्या धुळीने आणि धुराने मेंदूची हीच केंद्रे जखमी होतात, हे स्कॉटलंडमध्ये जॉन कूपर यांनी १८३७ सालीच नोंदले होते. चेहरा निर्विकार होणे, चाल बिघडणे, तोल जाणे, काही वेळा हात कापणे, अशी ती लक्षणे. लखनौच्या विषविज्ञान केंद्रातील डॉ. एस. व्ही. चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून मँगनीजचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम तपासला. १९८१ साली त्यांनी वेल्डिंग करणाऱ्या कामगारांचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींच्या हातांत कंप आढळला होता. हा विषय महाराष्ट्राच्या अगदी दाराशी आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत, आणि वेल्डिंगची दुकाने तर प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यावर आहेत. बंद खोलीत, तोंडावर नुसता रुमाल बांधून वेल्डिंग करणाऱ्या कारागिराचा हात कापू लागला, तर ‘पितो’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी तो कोणत्या धुरात उभा राहतो, हे विचारायला हवे.

हाताचे दुखणे आणि त्यावरचा उपाय यांची गाठ भारतीय वनस्पतींशीही पडली आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला. त्या मुळीतून वेगळे काढलेले रेसर्पिन जगभर वापरले जाऊ लागले, आणि काही रुग्णांत पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या प्राण्यांना एल-डोपा दिले. ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनचे महत्त्व असे उजेडात आले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पुढे जॉर्ज कोटझियास यांनी १९६७ साली एल-डोपाच्या मोठ्या मात्रेचा उपयोग दाखवला. तेही चिलीतील मँगनीजच्या खाणकामगारांचा अभ्यास करणारेच संशोधक होते. हे एल-डोपा आपल्या डोंगरकपारीच्या वेलीतही आहे. अंगाला लागताच खाज सुटते म्हणून जिला ‘खाजकुयली’ म्हणतात, त्या वेलीच्या बियांतून मद्रासच्या एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी १९३७ साली एल-डोपा वेगळे केले होते. म्हणून कोणी बाजारातून पूड आणून स्वतःच मात्रा ठरवू नये. तेच द्रव्य कमीअधिक झाले तर हालचाली अनावर होतात, भ्रम होतात. मात्रा ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे.

औषधे अपुरी पडू लागली तर काही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचा मार्ग खुला असतो. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलीम-लुई बेनाबिद यांच्या ध्यानात आले की थॅलॅमसमध्ये सेकंदाला सुमारे १०० वेळा विजेचे सूक्ष्म स्पंद दिले तर कंप थांबतो. १९८७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. मेंदूत बारीक तार आणि छातीच्या कातडीखाली छोटे यंत्र बसवून हे स्पंद अखंड दिले जातात. अडून बसलेला ठेका नव्या, जलद ठेक्याने मोडून काढायचा, अशी ही युक्ती. मुंबईसह भारतातील अनेक शहरांत ही शस्त्रक्रिया होते. ती आजार मुळापासून घालवत नाही, प्रत्येकाला उपयोगी पडत नाही आणि खर्चीकही आहे. परंतु योग्य रुग्णाला ती पेला स्वतःच्या हाताने ओठांशी नेण्याचे समाधान देते.

लयीने बिघडलेले लयीनेच थोडे सावरते, हा अनुभव शस्त्रक्रियेविनाही येतो. ज्या रुग्णाचे पाऊल उंबऱ्यात अडते, त्याला बाहेरून ठेका दिला, मोजून टाळ्या वाजवल्या किंवा जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, तर त्याचे पाऊल पुष्कळदा सुटते. आतला ताल साथ देत नाही तेव्हा कान आणि डोळे दुसऱ्या वाटेने मदत करतात. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. ज्यांना चालणे जड जात होते, ती माणसे तेथे संगीताच्या साथीने पावले टाकू लागली. आजार त्याने बरा होत नाही. पण घराच्या कोपऱ्यात बसलेला माणूस चारचौघांत उभा राहतो, आणि कंप असलेल्या हाताला कोणी हसणार नाही, अशी एक जागा त्याला मिळते.

अशी जागा शाळाही होऊ शकते. अक्षर अचानक बिघडलेल्या मुलाची वही फाडण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी त्याची गतवर्षीची वही काढून शेजारी ठेवावी. फरक सहा महिन्यांतला असेल, त्याबरोबर बोलणे, चालणे किंवा स्वभावही बदलला असेल, तर शेरा लिहिण्याऐवजी पालकांना बोलवावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे. पालकांनी अशा सूचनेत अपमान मानू नये. ज्याला लिहिणे खरोखरच कठीण आहे, त्याला परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ मिळवून देण्याची तजवीज वेळेवर करावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनच्या आजाराचाही समावेश झाला आहे, हे वडीलधाऱ्यांच्या कुटुंबीयांनी जाणून घ्यावे. कंप असलेल्या पाहुण्याला चहा देताना कप अर्धाच भरावा आणि त्याविषयी बोलू नये. त्याची सही होईपर्यंत घाई न करता थांबावे, आणि त्या वेळी त्याच्या हाताकडे टक लावून पाहू नये.

या हीरक महोत्सवाला अनेक ज्येष्ठ माजी विद्यार्थी आणि निवृत्त गुरुजन आले आहेत. सभागृहाच्या दाराशी अभिप्रायाची वही ठेवली आहे. तिच्यात काही अक्षरे पूर्वीसारखीच टपोरी उतरतील, काही बारीक होत जातील, काही ओळ सोडून खाली-वर जातील. ज्यांच्या हातांनी कोणे एके काळी फळ्यावर सुविचार लिहिले, त्यांपैकी कोणी आज अक्षर नीट येणार नाही म्हणून वहीपाशी न थांबताच निघून जाऊ नये, एवढी या शाळेची त्यांना विनंती आहे. वही दिवसभर तेथेच आहे, आणि शेजारी बसायला खुर्चीही ठेवली आहे.